स्काउट म्हणतो साठ, गडी खेळतो पंचेचाळीससारखा: ओओटीपीमधल्या वयस्क खेळाडूंचे रिपोर्ट कसे तपासायचे

आमच्या ऑनलाइन लीगच्या ग्रुपवर ट्रेडची (संघांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत जवळ आली की एक मेसेज हमखास येतो. नाव बदलतं, मजकूर तोच: "पस्तिशीचा फर्स्ट बेसमन, रिपोर्टात पॉवर ६५, आणि दोन महिन्यांत चार होम रन. स्काउटला नारळ देऊ का?" लीगचं कमिशनरपद माझ्या गळ्यात असल्यामुळे उत्तर द्यायचं कामही मलाच येतं. तेच तेच टाइप करून कंटाळा आला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

गेम म्हणजे आउट ऑफ द पार्क बेसबॉल, आपल्या भाषेत ओओटीपी: संगणकावर बेसबॉलचा संघ चालवायचा खेळ. खेळाडूचं खरं रेटिंग त्यात लपलेलं असतं, आपल्याला दिसतो तो स्काउटचा, म्हणजे संघाच्या पारख्याचा, अंदाज. इथले आकडे २० ते ८० च्या पट्टीवरचे आहेत. १९९९ पासून जवळजवळ दरवर्षी नवी आवृत्ती येते, त्यामुळे एखादं बटण तुमच्याकडे वेगळ्या पानावर असेल. तपासण्याचा क्रम मात्र बदलत नाही. आधी फुकटातलं, मग मेहनतीचं, आणि खिशाला किंवा लीगला धक्का लावणारं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात: पहिल्या दिवशी स्काउटिंग डायरेक्टर बदलतात आणि रिपोर्टवरची तारीख बघायची राहूनच जाते.

लक्षणं

- रिपोर्ट उत्तम, खेळ भिकार. वर सांगितलेला फर्स्ट बेसमन याच जातीतला.
- रेटिंग एका रात्रीत कोसळलं. मोसम संपताना ६०, नवा मोसम उघडताना ४५, मध्ये दुखापतीची एक बातमी नाही.
- आपला स्काउट आणि ओएसए यांचं जमत नाही. (ओएसए म्हणजे गेममधली सामायिक स्काउटिंग सेवा. तिचे रिपोर्ट सगळ्या संघांना सारखेच दिसतात.)
- कॉन्टॅक्ट (चेंडूला बॅट लावणं), पॉवर (लांब मारणं), आय (चेंडू पारखणं) सगळं जागच्या जागी, पण एकूण तारे साडेतीनावरून अडीचवर.
- उलटा प्रकारही असतो. रिपोर्ट म्हणतो हा संपला, आणि हा पठ्ठ्या .३०० ने (दहा पाळ्यांमागे तीन हिट) मारतोय.

यातलं पहिलं आणि शेवटचं लक्षण बहुतेक वेळा बिघाड नसतोच. दुसरं आणि चौथं सेटिंगमधून येतं. तिसऱ्याकडे मात्र नीट बघा, पैसे तिथे बुडतात.

१. रिपोर्टची तारीख

खेळाडूच्या पानावर रिपोर्ट कधीचा आहे आणि त्याची अचूकता किती, हे दोन्ही लिहिलेलं असतं. ते वाचा. बावीस वर्षांच्या पोराचा रिपोर्ट सहा महिने जुना असला तर फारसं बिघडत नाही, तो बहुधा चढतीलाच असतो. चौतिशीनंतर तेवढ्याच काळात खरं रेटिंग दोन पायऱ्या उतरू शकतं आणि तुमच्यासमोर जुनाच कागद राहतो. गेममधलं वय दरवर्षी ठरावीक हप्त्याने उतरत नाही. दोन वर्षं काहीच होत नाही आणि मग एकदम धाडकन घसरण होते. म्हणून करार किंवा ट्रेड करायच्या आधी त्या खेळाडूचा रिपोर्ट मुद्दाम नव्याने मागवा. काही दिवस थांबावं लागतं, पण पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या संघाच्या खेळाडूंसाठी तर हे आधी करा. शिळे रिपोर्ट जास्त करून त्यांचेच निघतात.

२. तारे कशाच्या तुलनेत आहेत

एकूण रेटिंग आणि तारे खेळाडूच्या जागेशी बांधलेले असतात. समजा शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) रेंज, म्हणजे चेंडूपर्यंत पोचायचा आवाका, कमी झाली. बॅट तीच राहिली तरी शॉर्टस्टॉप म्हणून त्याची किंमत उतरते. मग तुम्ही शहाणपणा करून त्याला फर्स्ट बेसवर हलवता आणि तारे आणखी पडतात, कारण आता त्याची बॅट लीगमधल्या सगळ्या दांडगट फर्स्ट बेसमनांच्या शेजारी मोजली जाते. खेळाडू कालचाच आहे, फक्त मोजपट्टी बदलली.

त्यात डीएचचा (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा खेळाडू) नियमही बघा. खऱ्या इतिहासावर लीग चालवत असाल तर २०२२ आधीच्या नॅशनल लीगमध्ये डीएच नाही (२०२० हा एकमेव अपवाद). अमेरिकन लीगमध्ये तो १९७३ पासून आहे. पाय गेलेल्या, पण बॅट शाबूत असलेल्या माणसाला एका लीगमध्ये जागा मिळते आणि दुसऱ्या लीगमध्ये त्याला बेंचवर बसावं लागतं.

सेटिंगमध्ये रेटिंगची पट्टी कोणती आहे (२० ते ८०, १ ते १००, की आणखी काही) आणि आकडे कोणत्या लीगच्या तुलनेत दाखवले जातात, हेही पाहून घ्या. दोन मित्र एकाच खेळाडूवरून भांडत असतात तेव्हा अर्ध्या वेळा त्यांच्या पट्ट्याच वेगळ्या निघतात.

३. ओएसएचा आकडा शेजारी ठेवा

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

स्काउटचा आकडा म्हणजे खरं रेटिंग अधिक-उणे चूक. ही चूक दोन्ही बाजूंना होते. कुणाला जास्त दाखवलं जातं, कुणाला कमी. सरासरी काढली तर तुमचा स्काउट ठीकच असेल. पण तुमच्या संघात येणारे फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) सरासरीने येत नाहीत. बाजारात तीस संघ आहेत, प्रत्येकाचा स्काउट त्याच पस्तिशीच्या खेळाडूला वेगवेगळा आकडा देतोय. ज्याच्या स्काउटने सगळ्यात फुगवून सांगितलं, तो सगळ्यात मोठा करार देतो आणि खेळाडू त्याच्याच पदरात पडतो. वाशीच्या बाजारात हापूसच्या पेटीवर सगळ्यात वरची बोली लावणाऱ्याचंही असंच होतं. वरचा थर सगळ्यांनी पाहिलेला असतो, खालच्या थराबद्दल सगळ्यात जास्त आशा मात्र त्याची असते.

म्हणजे स्काउट अगदी प्रामाणिक असला, तरी तुम्ही *विकत घेतलेल्या* खेळाडूंचे रिपोर्ट फुगलेलेच निघणार. तरुण खेळाडूच्या बाबतीत पुढची वाढ ही चूक झाकून टाकते. वयस्क खेळाडूला ती सवलत नाही, त्याची चूक पहिल्याच मोसमात उघडी पडते. "माझा स्काउट फक्त म्हाताऱ्यांच्याच बाबतीत चुकतो" असं वाटतं ते यामुळे.

उपाय सोपा आहे. रिपोर्टच्या पानावर स्रोत बदलून ओएसए निवडा. दोन्ही आकडे जवळपास असतील तर चिंता नको. दहा किंवा जास्त गुणांचा फरक असेल (२०-८० च्या पट्टीवर) आणि खेळाडू तेहतिशीपुढचा असेल, तर मी कमी असलेला आकडा धरून करार लिहिते. यात एखादा चांगला खेळाडू हातचा जातो. जाऊ द्या. चार वर्षांचा कुजका करार त्यापेक्षा महाग पडतो. शिवाय मेजर लीगमध्ये दहा वर्षं पूर्ण झालेला आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेड नाकारू शकतो. तो नियम गेममध्येही आहे, त्यामुळे नंतर गळ्यातलं लोढणं काढताही येत नाही.

४. एकूण आकडा सोडा, घटक बघा

एकूण रेटिंगमध्ये सगळं एकत्र कालवलेलं असतं. वय मात्र सगळ्यावर एकाच वेळी बसत नाही. साधारणपणे आधी पळणं जातं, मग मैदानातली रेंज. पॉवर आणि चेंडू पारखण्याची नजर बऱ्याचदा उशिरा जाते. कॉन्टॅक्ट हा तर स्वतःच मुख्यतः दोन गोष्टींचा बनलेला आकडा आहे, स्ट्राइकआउट टाळणं आणि मारलेला चेंडू हिट होणं. स्ट्राइकआउट टाळण्याचा आकडा उतरायला लागला तर बॅटचा वेग गेलाय असं समजा. पिचरच्या बाबतीत स्टफ (फलंदाजाला चकवायची ताकद) आणि वेग पाहा. कंट्रोल टिकून असल्यामुळे एकूण आकडा वर राहतो आणि माणूस फसतो.

खऱ्या बेसबॉलमधलं उदाहरण घ्या. डिसेंबर २०११ मध्ये अँजल्सनी अल्बर्ट पुहोल्सशी दहा वर्षांचा, २४ कोटी डॉलरचा करार केला. तेव्हा तो बत्तिशीला टेकला होता. कार्डिनल्सकडचे त्याचे शेवटचे तीन मोसम वरवर बघा: ४७, ४२, ३७ होम रन. थोडी घसरण, पण ३७ होम रन मारणाऱ्याला कोण नाही म्हणेल? आता वॉक (चार खराब चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, म्हणजे नजरेचं माप) बघा: २००९ मध्ये ११५, २०१० मध्ये १०३, २०११ मध्ये ६१. मुद्दाम दिलेले वॉक त्यात कमी झाले होते हे खरं, पण ते वगळूनही घसरण उरते. बॅटिंग अ‍ॅव्हरेजही .३२७, .३१२, .२९९ असं उतरत आलं होतं. तरीही वरचा आकडा अजून तारकाचाच दिसत होता, म्हणून एवढा मोठा करार झाला. करार संपायच्या आत, मे २०२१ मध्ये, अँजल्सनी त्याला सोडलं. २०२२ मध्ये कार्डिनल्सकडे परत येऊन त्याने कारकिर्दीतले ७०३ होम रन पूर्ण केले. ती गोष्ट गोड आहेच, पण कराराचा हिशेब त्याने सुधारत नाही.

दुसऱ्या बाजूला डेव्हिड ऑर्टिझ. २०१६ मध्ये, चाळिशीत, शेवटच्या मोसमात त्याने .३१५ ने ३८ होम रन आणि ४८ डबल मारले. तो डीएच होता, त्यामुळे रेंज गेली काय आणि राहिली काय, त्याला फरक पडत नव्हता. म्हणून नुसतं वय बघून कुणाला बाद करू नका. कोणता घटक गेलाय आणि तुम्हाला तो घटक हवाय का, एवढंच बघा.

डाव्या आणि उजव्या पिचरविरुद्धची रेटिंग वेगवेगळी उघडून पाहायला विसरू नका. एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ४० असलेला डावखुरा फलंदाज एकूण आकड्यात बरा दिसतो. त्याला रोज खेळवलं तर तो वाईट दिसणारच. तो रिपोर्टचा दोष नाही, लाइनअप चुकतेय.

५. आकडेवारी पुरेशी आहे का

"दोन महिन्यांत .२४०" हा पुरावा वाटतो. हिशेब करून बघू. ज्याची खरी ताकद .२७० ची आहे, त्याने २०० अ‍ॅट-बॅटमध्ये (वॉक वगळून बॅटिंगच्या पाळ्या) सरासरी ५४ हिट माराव्यात. नुसत्या नशिबाने त्यात सहाएक हिटचा फरक सहज पडतो. म्हणजे ४८ हिट, आणि तेच .२४०. अशा सहा खेळाडूंतला साधारण एक कसलाही दोष नसताना .२४० च्या आसपास किंवा खाली दिसणारच. तुमच्या रोस्टरवर तेरा फलंदाज आहेत, तेव्हा मोजा.

अ‍ॅव्हरेजपेक्षा स्ट्राइकआउट आणि वॉकचं प्रमाण लवकर खरं बोलायला लागतं. खऱ्या बेसबॉलवर रसेल कार्लटन यांनी केलेल्या अभ्यासात स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्समध्ये (वॉक धरून सगळ्या पाळ्या) आणि वॉकचं १२० मध्ये भरवशाचं होतं, अ‍ॅव्हरेजला मात्र नऊशेच्या वर अ‍ॅट-बॅट लागतात. म्हणून जूनमध्ये घाबरायचंच असेल तर स्ट्राइकआउट वाढल्यावर घाबरा. अ‍ॅव्हरेज पडलंय, पण स्ट्राइकआउट आणि वॉक गेल्या वर्षीसारखेच आहेत? गप्प बसा आणि खेळवत राहा. "रिपोर्ट म्हणतो संपला, पण .३०० ने मारतोय" या उलट्या प्रकारालाही हीच तपासणी लागू आहे, आणि तिथे त्या खेळाडूला लगेच विकायचं असतं.

६. दुखापत आणि थकवा

दुखापतींचा इतिहास एका क्लिकवर आहे, तो उघडा. मोठ्या दुखापतीनंतर उतरलेलं रेटिंग खरं असतं, त्यासाठी स्काउटला शिव्या देऊ नका. थकव्याचा आकडाही बघा. छत्तिशीच्या कॅचरला रोज उभा केला तर रेटिंग तेच राहून खेळ पडतो.

७. ऐतिहासिक लीग असेल तर: रिकॅल्क

"एका रात्रीत कोसळलं" हे लक्षण असेल तर वरचं सगळं सोडून आधी इथे या. ऐतिहासिक लीगमध्ये रेटिंग दरवर्षी खऱ्या आकडेवारीवरून नव्याने मोजायचा पर्याय (रिकॅल्क) असतो. तो चालू असेल तर तुमच्या लीगमध्ये खेळाडू किती छान खेळला याला अर्थ नाही. खऱ्या आयुष्यात त्याचं पुढचं वर्ष वाईट गेलं असेल तर नव्या मोसमाला त्याचं रेटिंग पडणारच. फक्त एका वर्षाच्या आकड्यांवर मोजणी ठेवली असेल तर उड्या मोठ्या दिसतात, तीन किंवा पाच वर्षांची सरासरी घेतली की त्या कमी होतात. निवृत्तीही इतिहासाप्रमाणे ठेवली असेल तर चांगला खेळणारा माणूस अचानक गायबच होतो. यात बिघाड काही नाही, हा पर्याय कुणीतरी लीग उभी करताना निवडलेला असतो. बदलायचा असेल तर मोसम संपल्यावर, आणि ऑनलाइन लीगमध्ये सगळ्यांना विचारून.

८. एकूण रेटिंगमध्ये आकडेवारी मिसळलीय का

खेळाडूचं मोल ठरवताना गेम रेटिंगसोबत या वर्षीची, गेल्या वर्षीची आणि त्याआधीची आकडेवारी किती धरतो, याची टक्केवारी लीगच्या सेटिंगमध्ये असते. एकूण तारे याच मूल्यमापनावर दाखवायचे की निव्वळ रेटिंगवर, हाही पर्याय आहे. मूल्यमापनावर असतील तर दोन वर्षांपूर्वी तुफान खेळलेला म्हातारा अजून चमकत राहतो. बघायला काही लागत नाही, बदलायला कमिशनरची परवानगी लागते. ट्रेडमध्ये संगणकाचे संघ म्हाताऱ्यांना किती भाव देतात तेही याच टक्केवारीवर ठरतं, म्हणून मोसमाच्या मध्येच हिला हात लावू नका.

९. आता पैसे: बजेट आणि डायरेक्टर

स्काउटिंगचं बजेट चार ठिकाणी वाटलेलं असतं: मेजर लीग, मायनर लीग, आंतरराष्ट्रीय, आणि ड्राफ्टसाठीचे (नव्या खेळाडूंची दरवर्षीची निवड) हौशी खेळाडू. ड्राफ्टच्या नादात बहुतेकांनी सगळं हौशी खेळाडूंकडे वळवलेलं असतं. तुमचे पस्तिशीचे लोक मेजर लीगमध्ये खेळतात आणि तिथे खडखडाट. मग रिपोर्टवर अचूकता कमी दिसली तर नवल काय? वाटणी बदला. फरक लगेच दिसत नाही, नवे रिपोर्ट येत जातील तसा दिसतो.

स्काउटिंग डायरेक्टरलाही या चार कामांची वेगवेगळी रेटिंग असतात. त्याचं मेजर लीगचं रेटिंग कमी असेल आणि तुमचा संघ अनुभवी फ्री एजंटांवर उभा असेल, तरच त्याला बदलायचा विचार करा. करार चालू असताना काढलात तर उरलेला पगार अंगावर येतो. नवा माणूस आला म्हणून जुने रिपोर्ट आपोआप बरे होत नाहीत, त्याचे त्याला नव्याने करावे लागतात.

१०. लीगची वयाची सेटिंग: फक्त नकलेवर

शेवटची तपासणी. लीगच्या सेटिंगमध्ये फलंदाज आणि पिचर यांच्या वाढीचे आणि वय होण्याचे गुणक असतात, मूळ आकडा १.०००. शेजारीच टॅलेंट चेंज रँडमनेस असतं, मूळ १००. कुणी कधीकाळी ते हलवून ठेवले असतील तर सगळ्या लीगमध्ये पस्तिशीचे लोक एकतर पटापट पडतात किंवा मरतच नाहीत.

तपासायचं कसं? सेव्ह फाइलची नक्कल करा, तिला वेगळं नाव द्या, आणि त्या नकलेत पाच-सहा मोसम सलग चालवा. मग पस्तीसच्या पुढे नियमित खेळणारे किती उरतात ते दर मोसमाला मोजा. फक्त तुमच्या संघात पडझड असेल तर लीगचं काही बिघडलेलं नाही, वर ३ वर जा. सगळीकडे असेल तर गुणक बघा. नकलेत कमिशनर मोड चालू करून खरं रेटिंगही पाहता येतं, म्हणजे स्काउट किती चुकतोय ते कळतं. पण एकट्याच्या लीगमध्ये एकदा खरं रेटिंग बघायची सवय लागली की स्काउटिंगची मजा संपली, हे माझं मत. ऑनलाइन लीगमध्ये हे करणं म्हणजे सरळ लबाडी.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

१ ते ६ आणि ९ तुमचं तुम्ही करा. ऑनलाइन लीगमध्ये ७, ८ आणि १० साठी थांबा आणि कमिशनरला लिहा. स्वतः सेटिंग चाळवू नका, आणि "माझा एकच खेळाडू सुधारून दे" असंही लिहू नका. उत्तर नाहीच येणार, मी तर देत नाही.

खालीलपैकी काही दिसलं तर गेम बनवणाऱ्यांच्या सपोर्टकडे जा: रिपोर्ट नव्याने मागवूनही तारीख पुढे सरकत नाही, एकाच खेळाडूचं वय दोन पानांवर वेगळं दिसतं, सेव्ह उघडली की रेटिंग रिकामी येतात, किंवा नव्या आवृत्तीत जुनी लीग आणल्यापासून सगळ्या वयस्कांचे आकडे एकदम सारखे झालेत. अशा वेळी सेव्ह पुढे चालवू नका. प्रत्येक पुढच्या दिवसागणिक मूळ चूक कुठे झाली ते शोधणं अवघड होतं.

लिहिताना एवढं जोडा: गेमची आवृत्ती, लीग ऐतिहासिक की काल्पनिक, रिकॅल्क चालू की बंद, एका खेळाडूचं नाव आणि गेममधली तारीख, त्याच्या रिपोर्टचे आधीचे-नंतरचे स्क्रीनशॉट, आणि झिप केलेली सेव्ह फाइल. "म्हातारे खेळाडू चुकीचे दिसतायत" एवढ्याच ओळीवर सपोर्टवाल्यांनी तुम्हाला उलट हेच सगळे प्रश्न विचारले तर चिडू नका.